ट्रोजन गेला, किल्ल्या मात्र चोराकडेच

युरोपोलच्या समन्वयाखाली अनेक देशांच्या पोलिसांनी १० ते १३ नोव्हेंबर २०२५ या चार दिवसांत 'ऑपरेशन एन्डगेम'चा नवा टप्पा पार पाडला. रॅडामॅन्थिस हा माहिती चोरणारा प्रोग्राम, व्हेनमरॅट हा दुरून संगणक ताब्यात घेणारा ट्रोजन आणि एलिझियम हे बाधित संगणकांचे जाळे, अशी तिघांची यंत्रणा त्यात मोडून काढण्यात आली. एक हजारांहून अधिक सर्व्हर बंद झाले, वीस डोमेन जप्त झाली आणि व्हेनमरॅटमागील मुख्य संशयिताला ग्रीसमध्ये अटक झाली. या यंत्रणेच्या पोटात लाखो बाधित संगणक आणि त्यांवरून चोरलेली दशलक्षावधी लॉगिन होती. युरोपोलच्या निवेदनातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आकड्यांचा नाही. आपल्या संगणकात असे काही शिरले होते, याची यांतील अनेक बळींना कल्पनाच नव्हती, हा तो भाग होय.

अशा बातमीनंतर सामान्य संगणकधारकाची प्रतिक्रिया ठरलेली असते. एखादा अँटिव्हायरस चालवायचा, 'धोका दूर केला' असा हिरवा संदेश दिसला की सुटकेचा निःश्वास टाकायचा आणि कामाला लागायचे. वीस वर्षांपूर्वी हे बहुतांशी पुरेसे होते, आज नाही. ट्रोजनचा धंदा बदलला आहे आणि त्याबरोबर 'ट्रोजन काढणे' या क्रियेचा अर्थही बदलला आहे. चोराला घराबाहेर हाकलणे आणि त्याने नेलेल्या किल्ल्या निरुपयोगी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. बहुतेक जण पहिले करतात आणि दुसरे विसरतात.

भिक्षेकऱ्याच्या वेषात

व्हायरस आणि ट्रोजन हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून स्वतःच्या प्रती वाढवतो. ट्रोजन स्वतः पसरत नाही. तो उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि दार मालकानेच उघडावे लागते. ग्रीक कथेतल्या लाकडी घोड्यावरून त्याला नाव मिळाले. मराठी मनाला मात्र ही युक्ती पंचवटीच्या कथेतून अधिक ओळखीची आहे. रावण तेथे सैन्य घेऊन आला नव्हता; भिक्षेकऱ्याच्या वेषात आला होता, आणि लोकपरंपरेतली ती रेषा ओलांडली गेली ती आतून.

ही युक्ती संगणकाच्या जगात जुनीच आहे. १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क टपालाने वेगवेगळ्या देशांत पाठवल्या गेल्या. संगणक ठरावीक वेळा सुरू केल्यानंतर तीतील प्रोग्राम फाइलींची नावे गोंधळून टाकी आणि पनामामधील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी करी. फ्लॉपी काळाच्या पडद्याआड गेली, पण वेषांतर चालूच राहिले. आज ते पैसे न भरता मिळणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरच्या रूपाने येते, खेळाच्या 'चीट'च्या रूपाने येते, शोधयंत्राच्या जाहिरातीतून दिसणाऱ्या हुबेहूब बनावट डाउनलोड पानाच्या रूपाने येते, किंवा नोकरीच्या प्रस्तावासोबतच्या फाइलच्या रूपाने येते.

गेल्या दोन वर्षांत एका नव्या वेषाची भर पडली आहे. 'क्लिकफिक्स' हे त्याचे नाव. पडद्यावर 'आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा' अशी नेहमीची चाचणी उमटते. फरक इतकाच, की चित्रे ओळखण्याऐवजी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, अशा सूचना येतात. त्या पाळणारी व्यक्ती पानाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा स्वतःच्या हाताने चालवत असते. कोणतीही फाइल उतरवून घेतल्याचे तिला आठवतही नाही. मॅकवर हाच प्रकार टर्मिनलमध्ये आज्ञा चिकटवायला सांगून केला जातो. ॲटॉमिक स्टीलरसारखे माहितीचोर मॅकसाठीच बनवलेले आहेत. 'मॅकला काही होत नाही' हा समज आता भाबडा ठरतो.

पासवर्डपेक्षा मौल्यवान चोरी

२००७ च्या सुमारास पुढे आलेला झ्यूस बँकेचे पान उघडल्यावर टाइप केलेली अक्षरे टिपत असे. त्याच्या पिढीतले ट्रोजन संगणकात महिनोन्महिने ठाण मांडून बसत, म्हणून त्यांना शोधून काढणे हाच उपाय होता. आजचे अनेक माहितीचोर वेगळ्या घाईत असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आपोआप भरले जाणारे तपशील, क्रिप्टो वॉलेटच्या फाइली आणि कुकी ते गोळा करतात, चोराच्या सर्व्हरवर पाठवतात आणि काही तर स्वतःला पुसूनही टाकतात. हे सारे काही मिनिटांत उरकते. दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत काहीच आढळत नाही. तो निकाल खोटा नसतो. चोर खरोखरच निघून गेलेला असतो.

या लुटीतली कुकी ही वस्तू नीट समजून घेण्यासारखी आहे. ई-मेलमध्ये एकदा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला संकेतांक दिला, की संकेतस्थळ ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देते. पुढचे काही दिवस किंवा आठवडे तीच चिठ्ठी दाखवून आत प्रवेश मिळतो. ती ज्याच्या हाती पडते त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण दोन्ही परीक्षा मालकाने आधीच उत्तीर्ण केलेल्या असतात. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळनिर्मात्या कंपनीत घुसलेल्यांनी अशीच चोरीची कुकी अवघ्या दहा डॉलरला विकत घेतल्याचे सांगितले होते. या मालाच्या ठोक बाजारपेठाही होत्या. एप्रिल २०२३ मध्ये बंद पाडलेल्या जेनेसिस मार्केटमध्ये पंधरा लाखांहून अधिक संगणकांवरून चोरलेली आठ कोटींहून अधिक लॉगिन विक्रीस होती, असे अमेरिकेच्या न्याय विभागाने म्हटले आहे.

चोरलेला माल किती काळ टिकतो, याचे उत्तर २०२४ मध्ये मिळाले. स्नोफ्लेक या विदासेवेच्या ग्राहकांची प्रचंड माहिती त्या वर्षी चोरीस गेली. तिकीटमास्टर आणि एटी अँड टी यांसारखी नावे त्यात होती. मँडियंट या सुरक्षा संस्थेच्या तपासात सुमारे १६५ संस्थांना धोका पोहोचल्याचे पुढे आले. हल्लेखोरांनी स्नोफ्लेकची भिंत फोडली नव्हती. ग्राहकांची लॉगिन माहितीचोर प्रोग्रामांनी आधीच पळवली होती आणि त्यांतील काही थेट नोव्हेंबर २०२० मधील होती. सुमारे साडेतीन वर्षे तो पासवर्ड कोणी बदलला नव्हता आणि त्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही नव्हती. आणखी एक तपशील घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. काही प्रकरणांत बाधा झाली ती कंत्राटदारांच्या अशा संगणकांवर, जे कामाबरोबरच खेळ आणि फुकटचे सॉफ्टवेअर उतरवण्यासाठीही वापरले जात होते.

सरकारने केलेली सफाई

नागरिकाच्या संगणकातील ट्रोजन सरकारनेच काढून टाकल्याची ठळक उदाहरणे या दशकात आहेत. जानेवारी २०२१ मध्ये एमोटेटचे जाळे ताब्यात घेतल्यावर त्याच जाळ्यातून बाधित संगणकांना एक सुधारित भाग पाठवण्यात आला आणि २५ एप्रिल २०२१ रोजी एमोटेटने स्वतःलाच काढून टाकले. ऑगस्ट २०२३ मध्ये एफबीआयने क्वॅकबॉटची वाहतूक आपल्या सर्व्हरकडे वळवून असेच केले. सात लाखांहून अधिक बाधित संगणक त्यात आढळले आणि त्यांपैकी दोन लाखांहून अधिक अमेरिकेतील होते. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने अमेरिकेतील सुमारे ४,२५८ संगणकांवरून प्लगएक्स काढल्याचे जाहीर झाले. त्या कामी फ्रेंच तपासयंत्रणेची मदत झाली होती.

मालकाला न विचारता त्याच्या यंत्रात शिरण्याचा अधिकार सरकारला असावा का, हा प्रश्न गंभीर आहे. आज पाठवलेली आज्ञा केवळ 'निघून जा' एवढीच असली, तरी उद्याच्या आज्ञेची हमी कोण देणार, अशी शंका नागरी स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते घेतात. ती अनाठायी नाही. न्यायालयाची परवानगी, कारवाईची जाहीर माहिती आणि मालकांना कळवण्याचा प्रयत्न या मर्यादांमुळे आतापर्यंतच्या कारवायांना बऱ्यापैकी मान्यता मिळाली. तथापि सामान्य माणसाच्या दृष्टीने दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. क्वॅकबॉटच्या वेळी अमेरिकी यंत्रणेनेच स्पष्ट केले होते, की काढले ते फक्त क्वॅकबॉट; त्या संगणकांत आधी शिरलेले अन्य काही असेल तर ते तसेच आहे. चोरीला गेलेले पासवर्ड कोणतेही सरकार मालकाच्या वतीने बदलत नाही.

शिवाय मोडलेला अड्डा पुन्हा उभा राहतो. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, अमेरिकी न्याय विभाग आणि युरोपोल यांनी लुमा या माहितीचोराची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडली. त्याआधीच्या दोन महिन्यांत विंडोजचे ३ लाख ९४ हजारांहून अधिक संगणक त्याने बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. काही आठवड्यांतच लुमाच्या हालचाली संशोधकांना पुन्हा दिसू लागल्या.

ओळखायचे कसे

संगणक मंदावणे, पंखा सतत फिरणे, अनोळखी खिडक्या उघडणे ही पाठ झालेली लक्षणे पूर्णतः टाकाऊ नाहीत. पण माहितीचोर यांपैकी काहीच दाखवत नाही. त्याची खूण बहुधा यंत्रावर न दिसता खात्यांवर दिसते. अनोळखी शहरातून लॉगिन झाल्याची सूचना, न मागितलेले ओटीपी, ई-मेलमध्ये न केलेले अग्रेषणाचे नियम, खात्याच्या पुनर्प्राप्तीसाठी जोडलेला परका क्रमांक, परिचितांना आपल्या नावे गेलेले संदेश, ही ती लक्षणे होत. 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेवर आपला ई-मेल पत्ता तपासणेही उपयोगी ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये माहितीचोरांच्या नोंदींतून मिळालेले २८ कोटींहून अधिक पत्ते तेथे जोडले गेले.

यंत्रावर पाहायच्या जागा मोजक्या आहेत. विंडोज सिक्युरिटीमधील संरक्षणाचा इतिहास कोणता धोका कोणत्या दिवशी आढळला ते सांगतो. तो दिवस महत्त्वाचा, कारण त्या दिवशी त्या संगणकावर उघडी असलेली प्रत्येक खाती संशयित धरावी लागतात. तेथेच तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी असते. आपण न घातलेली नोंद त्या यादीत दिसली, तर कोणीतरी पहारेकऱ्याला दुसरीकडे पाहायला सांगितले आहे असे समजावे. संगणकाबरोबर सुरू होणारे प्रोग्राम, टास्क शेड्यूलरमधील कामे, ब्राउझरची विस्तारके आणि प्रॉक्सीची नोंद याही जागा पाहाव्यात. मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन आपोआप सुरू होणाऱ्या जवळपास सर्व गोष्टी एका यादीत मांडते. मात्र अर्थ न कळता त्यातली नोंद पुसणे धोक्याचे.

एका गोष्टीला लक्षण मानू नये. 'आपल्या संगणकात ट्रोजन आहे, तत्काळ या क्रमांकावर फोन करा' असा पडदाभर संदेश आला, तर तो संदेश हाच सापळा असतो. मायक्रोसॉफ्ट अशा सूचनेत फोन क्रमांक देत नाही. ट्रोजनची भीती विकणाऱ्या या धंद्याची अनेक कॉल सेंटर भारतात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींच्या आधारे 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये त्यांवर छापे घातले.

काढण्याचा क्रम

बाधा झाल्याचा दाट संशय असेल, तर पहिले काम त्या संगणकाचे इंटरनेट तोडणे. दुसरे काम तपासणीचे वाटते, पण तसे नाही; ते खात्यांचे आहे आणि ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करायचे आहे. घाबरून त्याच संगणकावर बसून सगळे पासवर्ड बदलणे ही सर्वांत सामान्य चूक. त्यात नव्या किल्ल्याही चोराच्या हाती जातात.

सुरुवात मुख्य ई-मेलपासून करावी, कारण बाकीच्या सर्व खात्यांची वाट तेथून जाते. त्यानंतर पासवर्ड सांभाळणारी सेवा, मग बँका, गुंतवणूक आणि कर यांची खाती. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड बदलण्याबरोबर 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरणे अत्यावश्यक. पासवर्ड बदलला म्हणजे जुनी खूणचिठ्ठी रद्द झालीच असे सर्वत्र नसते. पुनर्प्राप्तीचा क्रमांक, अग्रेषणाचे नियम आणि खात्याला जोडलेली बाहेरची ॲपही त्याच वेळी पाहून घ्यावीत. क्रिप्टो वॉलेट असेल, तर त्यातील शिल्लक नव्या वॉलेटमध्ये हलवावी. तेथे पासवर्ड बदलून भागत नाही.

मग यंत्राकडे वळावे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण जागी होण्याआधी शोध घेते, त्यामुळे चालू प्रणालीत लपणारे प्रोग्राम तिच्या हाती लागण्याची शक्यता अधिक. दुसरे मत म्हणून मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर वापरता येते. ते दहा दिवसांनी कालबाह्य होते, म्हणून दर वेळी नवे उतरवावे. भारतात सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून अशी मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत.

तरीही दूरनियंत्रक ट्रोजन किंवा माहितीचोर निश्चितपणे आढळला असेल, तर सर्वांत भरवशाचा उपाय प्रणाली पूर्णतः पुसून नव्याने बसवणे हाच. ट्रोजनने दुसऱ्या कोणाला आत घेतले, हे शोधसाधन खात्रीने सांगू शकत नाही. नव्या प्रणालीचा पेनड्राइव्ह स्वच्छ संगणकावर तयार करावा. जुन्या डिस्कवरून कागदपत्रे आणि छायाचित्रे घ्यावीत. प्रोग्राम आणि इन्स्टॉलर घेऊ नयेत. ब्राउझरचे समक्रमण सुरू करण्यापूर्वी विस्तारके तपासावीत, नाहीतर घराबाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने परत येतो.

संगणक कार्यालयाचा असेल, किंवा घरच्या संगणकावरून कार्यालयाच्या खात्यात प्रवेश केला असेल, तर यांपैकी काहीही पुसण्याआधी कार्यालयाच्या सुरक्षा विभागाला कळवणे आवश्यक. पुसलेल्या यंत्रात पुरावाही पुसला जातो. संकोचाने लपवलेली बाधा पुढे कंपनीची मोठी चोरी होऊ शकते, हे स्नोफ्लेक प्रकरणाने दाखवले.

दोन देशांत विखुरलेली खाती

परदेशस्थ मराठी कुटुंबाला या प्रश्नाची एक वेगळी बाजू आहे. त्याचे आर्थिक आयुष्य एका लॅपटॉपवर आणि दोन देशांत असते. इथले पगाराचे खाते, निवृत्तिनिधी आणि करविवरण. तिथले एनआरई आणि एनआरओ खाते, डीमॅट, पॅन आणि आधारच्या प्रती, पारपत्राचे स्कॅन, गावच्या घराची कागदपत्रे. एका बाधेत दोन्हीकडचे सारे जाते. कळवण्याच्या वेळेतही फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहक किंवा बँक यांच्या चुकीशिवाय झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकाचे दायित्व शून्य राहते. उशीर झाल्यास ते वाढते. वर्षातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या एनआरओ खात्याच्या बाबतीत तीन दिवस ही चैन ठरते. त्या खात्यांच्या सूचना रोज पाहिल्या जाणाऱ्या ई-मेलवर येतात की नाही, हे आजच तपासण्याजोगे आहे.

दुसरे टोक पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात आहे. आईवडिलांचा संगणक बहुधा मुलामुलींनी वापरून दिलेला जुना असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; वाढीव सुरक्षा अद्ययावतीकरणासाठी नाव न नोंदवलेले असे संगणक तेव्हापासून उघड्या दारानिशी चालू आहेत. त्यांची देखभाल सातासमुद्रापलीकडून ज्या दूरनियंत्रक साधनाने होते, तेच ठगांचेही आवडते साधन आहे. काम संपल्यावर ते बंद करणे आणि 'स्क्रीन दाखवा' म्हणणाऱ्या परक्याला नकार द्यायचा हे आईवडिलांना सांगून ठेवणे, एवढ्याने अर्धा धोका टळतो. पैसे गेलेच, तर भारतातून १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

पोलिसांच्या कारवाया होत राहतील आणि नव्या नावांचे ट्रोजनही येत राहतील. या चक्रात सामान्य माणसाच्या हाती असलेली ताकद वाटते त्याहून मोठी आहे, कारण ट्रोजनला आजही आतून दार उघडून घ्यावे लागते. ब्राउझरऐवजी पासवर्ड सांभाळणाऱ्या स्वतंत्र सेवेचा वापर, जमेल तेथे पासकी, कामाचा आणि मुलांच्या खेळाचा संगणक वेगळा, आणि पडद्यावरची आज्ञा न समजता कधीही न चिकटवण्याचा नियम, या चार सवयींना खर्च जवळजवळ नाही. आणि तरीही दार उघडले गेलेच, तर हिरव्या संदेशावर समाधान न मानता प्रत्येक कुलूप बदलून घ्यावे. ट्रोजन निघाल्याची खात्री संगणक देईल. चोरी थांबल्याची खात्री मालकालाच करून घ्यावी लागते.